लागू नाही त्यापुढे फुली

“मग कागद खोटा बोलतो का, चाचा?”

नबीचाचांनी मान वर केली नाही. मांडीवर आडवा घेतलेल्या तंबोऱ्यावर वाकून ते एक तार छेडत होते, कान देत होते, पुन्हा छेडत होते.

“कुठला कागद?”

“हा.”

मी खिशातली प्लॅस्टिकची पिशवी काढून त्यांच्या पुढ्यात टाकली.

“मी चाललो. सामान बांधलंय. तुमची हत्यारं खोक्यात ठेवलीत, बघून घ्या.”

“बस.”

“बसायला नाही आलो.”

“मग उभ्यानं सांग. मला ऐकायला दोन्ही सारखंच.”

मी उभाच राहिलो.

सकाळी मी तार तोडली होती. तंबोऱ्याच्या चार तारा भोपळ्यावर बसवलेल्या एका चपट्या तुकड्यावरून जातात, त्याला घोडी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवायचा असतो. केसभर पुढे, केसभर मागे. नेमकी जागा सापडली की तारेचा बद्द आवाज उमलतो आणि बराच वेळ खोलीत राहतो. मिरजेत आमच्या गल्लीत त्या दोऱ्याला जीव म्हणतात.

पाऊण तास मी जीव सरकवत होतो. जागा सापडली असं वाटायचं, आणि चाचा म्हणायचे, “अजून.” शेवटी मी म्हणालो, “एकदा बसवला की बसला पाहिजे ना!” आणि चिडून खुंटी पिळली. तार तुटून माझ्याच गालावर बसली.

त्या महिन्यातली ती सहावी तार होती.

चाचा एवढंच म्हणाले, “दुसरी लाव.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी आत गेलो आणि सामान बांधलं.

“काय आहे कागदावर?” चाचांनी आता विचारलं.

“माझा स्वभाव.”

ते हसले. तंबोऱ्यावरचा हात तसाच ठेवून, पोट हलवत हसले.

“त्याला कागद कशाला? तुझा स्वभाव गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. तू आलास की ते उठून पलीकडच्या दारात जाऊन बसतं.”

मला हसू आलं नाही.

“अण्णानं लिहिलाय,” मी म्हणालो.

चाचांचं बोट तारेवर थांबलं.

तार वाजत राहिली. मग तीही थांबली...

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, गुरप्पा. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. वडील मी चालायला लागायच्या आधीच गेले, त्यामुळं मला शाळेत घालणारा तोच, सहावीत शाळा सोडली तेव्हा दोन कानशिलात देणारा तोच, आणि हाताला धरून चाचांच्या कारखान्यात आणून बसवणाराही तोच. दोन महिन्यांपूर्वी त्याला ताप आला. चार दिवसांत गेला.

तो एका कंपनीत मशीनवर होता. तिथं एक देवस्थळी मॅडम शिकवायला यायच्या. माणसाला स्वतःचा स्वभाव कळला तर कामावर आणि घरी त्याची भांडणं कमी होतात, असं त्या सांगायच्या. त्यांनी प्रत्येक कामगाराला दोन कागद घरी दिले. दोन्हींवर बारा शब्द आणि प्रत्येक शब्दापुढे एक चौकोन. एका कागदावर कामगारानं घरातल्या एका माणसाबद्दल भरायचं. दुसऱ्यावर त्या माणसानं कामगाराबद्दल. मग समोरासमोर बसायचं, कागद बदलायचे आणि बोलायचं.

अण्णानं घरातला माणूस म्हणून मला धरलं.

शनिवारी संध्याकाळी तो दोन्ही कागद घेऊन आला. माझा कागद त्यानं माझ्या ताटाशेजारी ठेवला. मी तो उचलून कोपऱ्यात भिरकावला. “मी काय शाळेत जातो का?” म्हणालो. आणखीही बरंच बोललो.

रविवारी दुपारभर अण्णा एकटाच कट्ट्यावर कागद घेऊन बसला होता. मी जाता-येता विचारत होतो, “परीक्षेला बसलास काय रे?” तेवढ्यात शेजारची सावित्रा रडत आली. अण्णाकाकांनी तिचं नवंकोरं खोडरबर मागून नेलं आणि सगळं संपवलं, म्हणत होती. मी त्यावरूनही अण्णाला बोललो. एवढ्याशा पोरीचं खोडरबर संपवतोस, लाज नाही वाटत, म्हणालो.

सोमवारी सकाळी त्यानं दोन्ही कागद परत नेले. पुढच्या रविवारी अण्णा नव्हता.

पंधरा दिवसांनी देवस्थळी मॅडम घरी आल्या. अण्णाचा डबा आणि ते दोन्ही कागद घेऊन आल्या होत्या. सगळ्यांनी पेनानं भरले, यांनी एकट्यांनी पेन्सिलनं भरला, म्हणाल्या. मग आमच्या आईला, आम्ही तिला अव्वा म्हणतो, तिला त्या म्हणाल्या, “गुरप्पा फार अबोल होते. आमच्या सगळ्या गटात तेच सगळ्यात कमी बोलायचे.”

अव्वानं माझ्याकडे बघितलं. मग मॅडमकडे.

“बाई, तुम्ही दुसऱ्या कुठल्या गुरप्पाच्या घरी आलाय का?”

कारण घरात अण्णाचं तोंड फक्त झोपेत बंद व्हायचं. अंघोळ करतानाही तो दाराच्या आतून गोष्ट सांगायचा आणि आम्ही बाहेरून हं हं म्हणायचं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा आम्ही हसलो. मॅडमही हसल्या. मग तिघंही रडलो.

त्या गेल्यावर मी अण्णानं भरलेला कागद उघडला.

तापट, फुली. हट्टी, फुली. उतावळा, फुली. उद्धट, फुली. विसराळू, फुली. बेभरवशाचा, फुली.

शांत, समजूतदार, धीराचा, भरवशाचा... असले सगळे चौकोन रिकामे.

तेव्हापासून दीड महिना मी तो कागद खिशात घेऊन हिंडत होतो. अव्वा म्हणाली, ताट का सरकवतोस? मी म्हणायचो, मी असाच आहे. चुलता म्हणाला, थोरल्यांशी असं बोलतात का? मी असाच आहे. खरं सांगायचं तर त्यात एक आराम होता. काही मोडलं, कुणाला लागलं, कुणी रडलं, की मी खिशाला हात लावायचो.

हे सगळं मी चाचांना उभ्यानंच सांगितलं. गल्लीतून एक सायकल गेली. लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं शेगडीवर बारीक आवाज करत होतं.

“म्हणून विचारतो,” मी म्हणालो, “अण्णा खोटं लिहिणार नाही. मग मी इथं बसून उपयोग काय? तुमच्या तारा तोडायला?”

“वाच.”

“आता सांगितलं की तुम्हाला.”

“सांगितलंस. वाचला नाहीस.”

“तुम्हीच बघा मग.”

“माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. या घडीला तू मला भोपळ्यासारखा दिसतोस. वाच.”

मी कागद पिशवीतून काढला. उलगडला.

“तापट. फुली.”

“वरून.”

“वरूनच वाचतोय.”

“कागद तापटपासून सुरू होतो?”

“वर नाव आहे.”

“मग ते वाच.”

“मल्लाप्पा. नातं, धाकटा भाऊ.”

अण्णाचं अक्षर होतं. ‘धाकटा’मधला ध त्याला कधीच नीट यायचा नाही, घ आणि ध यांच्या मध्येच कुठंतरी थांबायचा. माझं बोट त्यावर टेकलं.

चाचांनी वाट बघितली.

“पुढं?”

“पुढं बारीक अक्षर आहे.”

“वाच.”

“ते छापील आहे, चाचा. सगळ्यांच्या कागदावर तेच असतं.”

“मग सगळ्यांना काय सांगितलंय ते मलाही कळू दे.”

मी अक्षरावर बोट ठेवलं. छापील बारीक अक्षर मला आजही जड जातं. एकेक शब्द उचलून ठेवावा लागतो.

“खालीलपैकी... जे शब्द... या व्यक्तीला... लागू... नाहीत...”

मी थांबलो.

“श्वास घे. मग वाच.”

“लागू नाहीत... त्यांच्यापुढे... फुली मारावी.”

मी ती ओळ परत वाचली. या वेळी बोट न ठेवता. मग तिसऱ्यांदा.

“चाचा.”

“हं.”

“लागू नाहीत त्यांच्यापुढे!”

“ऐकलं.”

“म्हणजे तापट नाही! हट्टी नाही! बेभरवशाचा नाही! चाचा, अण्णा म्हणतोय मी उतावळा नाही!”

मी उडीच मारली. पाय शेगडीला लागला, सरसाचं भांडं कलंडलं आणि गरम सरस चटईवरून चाचांच्या दिशेनं निघाला. चाचांनी आधी तंबोरा उचलला. मग डावा पाय. मग उजवा.

“उतावळा नाही,” ते म्हणाले. दोन्ही पाय हवेत धरून.

मला हसू फुटलं. त्यांनाही. मी फडकं आणायला धावलो आणि परत येताना दारात ठेवलेल्या माझ्याच सामानाच्या पिशवीला अडखळलो. चाचा डोळे पुसत म्हणाले, “ती आत घे बाबा, नाहीतर आणखी एखादा गुण दाखवशील.”

मी पिशवी आत घेतली. चटई पुसली. सरस हाताला चिकटला तो खरवडत बसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी हललं होतं. घरी जाऊन अव्वाला कसं सांगायचं, ते मी मनात जुळवत होतो.

चाचांनी तंबोरा पुन्हा मांडीवर घेतला.

“एक विचारू, मल्लू?”

“विचारा की!”

“त्यानं ती ओळ वाचली होती का?”

...

मी हात खरवडायचा थांबलो.

अण्णानं बारीक अक्षर आयुष्यात कधी वाचलं नव्हतं. डोळ्यांत घालायचे थेंब त्यानं कानात घातले होते. कान बरा झाला, ते वेगळं. रेशनकार्डाचा अर्ज त्यानं एका दमात भरला, तेव्हा नावाच्या जागी गुरप्पा लिहिलं आणि वडिलांच्या नावाच्या जागीही गुरप्पाच लिहिलं. कार्ड तसंच छापून आलं. वर्षभर आमचा अण्णा कागदोपत्री स्वतःचाच बाप होता. तो मला रागावला की अव्वा म्हणायची, “रागाव, रागाव. शिक्का मारून बाप झालायस.”

“नसणार,” मी म्हणालो. माझाच आवाज मला ऐकू आला नाही. “वाचली नसणार.”

“मग?”

“मग त्या फुल्या म्हणजे होयच्या.”

“असेल.”

“असेल काय, चाचा! होय की नाही, सांगा ना!”

“मी कुठं होतो तिथं?”

“तुम्हीच तर आत्ता...”

“मी वाच म्हणालो. तू वाचलंस. हसलास तू, आणि आता रडतोयस तूच. कागद मघापासून आहे तिथंच आहे.”

मला त्यांचा राग आला. मघाचा आनंद देऊन तो परत घेतला असं वाटलं. मी कागद चुरगळायला हात घातला. चाचांचा हात माझ्या हातावर आला. म्हाताऱ्याच्या हातात जोर नव्हता, पण माझा हात थांबला.

“दे इकडं.”

“तुम्हाला दिसत नाही.”

“दिसत नाही म्हणून तर दे.”

त्यांनी कागद गुडघ्यावर पसरला. तळव्यानं सुरकुत्या सपाट केल्या. मग उजव्या हाताचं मधलं बोट त्यावरून फिरवायला लागले. नवीन घोडी घासून झाली की ते असंच बोट फिरवतात. जो उंचवटा मला भिंगातून दिसत नाही, तो त्यांना बोटाला लागतो. गेल्या पन्नास वर्षांत त्यांनी दुसरं काही केलेलं नाही.

बोट एका जागी थांबलं.

“इथं काय आहे?”

“तापट. तिथं फुली आहे.”

“एकच?”

“एकच.”

बोट खाली सरकलं.

“आणि इथं?”

“शांत. तो रिकामा आहे.”

“रिकामा नाही.”

“आहे, चाचा. मला दिसतंय ना.”

त्यांनी माझं बोट धरलं आणि त्या चौकोनावर टेकवलं. आधी काही कळलं नाही. माझ्या बोटांवर सरस वाळला होता. चाचांनी तो नखानं सोलून काढला, बोटाला फुंकर घातली आणि पुन्हा टेकवलं.

“हळू,” म्हणाले. “चापट मारतोस तसं नको. माशी बसते तसं.”

कागदात एक खाच होती. तिच्यावरून दुसरी, तिरकी.

फुली होती. खोडलेली.

मी पुढच्या चौकोनावर बोट ठेवलं. समजूतदार. तिथंही खाच. धीराचा. तिथं दोन फुल्या, एकीवर एक, दोन्ही पुसलेल्या. मी परत वर गेलो. तापटच्या चौकोनात दिसणाऱ्या फुलीखाली आणखी एक पुसलेली फुली होती. हट्टीच्या खालीही. बाराच्या बारा चौकोनांत अण्णानं फुली मारली होती आणि पुसली होती. काही ठिकाणी परत मारली होती. काही ठिकाणी परत पुसली होती.

“भरवशाचा कुठं आहे?” चाचांनी विचारलं.

“शेवटी.”

“तिथं जपून.”

मी कागद दाराच्या उजेडात धरला. शेवटच्या चौकोनात कागद एवढा खरवडला गेला होता की त्यातून पलीकडची गल्ली धुरकट दिसत होती. जरा जोर लावला असता तर आरपार भोक पडलं असतं.

मला कट्टा दिसला. मांडीवर पाट घेऊन बसलेला अण्णा दिसला. त्याच्या लुंगीवर खोडरबराचा काळा चुरा पडला होता. उठताना तो झटकत होता, आणि मी म्हणत होतो, परीक्षेला बसलास काय रे?

मी दारातच खाली बसलो.

चाचा तारेकडे वळले. त्यांनी घोडीवरचा जीव केसभर पुढे सरकवला. तार छेडली. ऐकलं. केसभर मागे घेतला. छेडली. ऐकलं.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, “म्हणजे शेवटी तो काय म्हणतोय, चाचा? आहे म्हणतोय का नाही म्हणतोय?”

जीव पुढे गेला. तार वाजली.

“चाचा?”

जीव मागे आला. तार वाजली.

“हे तरी सांगा. हे तुमचं कधी संपतं?”

“काय?”

“हे. पुढं-मागं.”

“संपत नाही.”

“मग तंबोरे विकता कसे?”

“गाणारा न्यायला येतो,” चाचा म्हणाले. “तो घेऊन जातो, म्हणून मी थांबतो.”

तार अजून वाजत होती. सकाळी मी जिथं जीव सोडला होता, तिथून तो फार लांब गेला नव्हता. नखाच्या टोकाएवढाही नाही. पण आवाज असा भरून आला होता की रिकामे भोपळेही टांगल्या जागी कुजबुजायला लागले. गल्लीतलं कुत्रं दारात आलं, मला बघून थबकलं, आणि गेलं नाही. तिथंच बसलं.

“दुसरा कागद कुठं आहे?” चाचांनी विचारलं.

“पिशवीतच आहे. कोरा.”

“कोरा का?”

“तो मी भरायचा होता. अण्णाबद्दल.”

“मग?”

“आता कशाला? बदलायला कोण आहे समोर?”

चाचांनी कानामागची पेन्सिल काढली. भोपळ्यावर कापायची रेघ मारतात ती, जाड, बोटाएवढी उरलेली. माझ्यापुढे धरली.

मी घेतली.

या वेळी मी बारीक ओळ आधी वाचली. मोठ्यानं वाचली. जे शब्द या व्यक्तीला लागू नाहीत, त्यांच्यापुढे फुली मारावी.

या कागदावर शब्दांचा क्रम वेगळा होता. पहिला शब्द होता, अबोल.

मला हसू आलं. हे तर सोपं होतं. अंघोळीतसुद्धा गप्प न बसणारा माणूस. मी दाबून फुली मारली.

“झाला एक,” मी म्हणालो.

“एवढ्यात?”

“अबोल नव्हता तो, चाचा. हे अव्वाला विचारा, सगळ्या गल्लीला विचारा.”

“बरं.”

दुसरा शब्द होता, तापट. मी पेन्सिल टेकवली आणि ती तिथंच राहिली. कारण मला तो शनिवार आठवला. मी कागद भिरकावला, नाही नाही ते बोललो. म्हणालो, तू काय माझा बाप आहेस का? अण्णानं ताट खाली ठेवलं. मी वाट बघत होतो की आता उठेल, आता मारेल. तो उठला. कोपऱ्यातला कागद उचलला, त्याच्यावरचा भाताचा कण काढला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग जेवला.

त्या रात्री झोपेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. अव्वानं विचारलं, बरं नाही का? त्यानं नुसती मान हलवली.

अबोल.

मी पहिल्या चौकोनाकडे बघितलं. माझी फुली तिथं काळीभोर बसली होती. मी अंगठ्यानं घासली. जाईना. मग अंगठा जिभेला लावला आणि परत घासला. चौकोन काळा झाला. शेजारचा शब्दही फासला गेला. मी आणखी थुंकी लावली.

चाचांनी तारेवरून मान वर केली. नीट दिसत नव्हतं तरी त्यांना कसं कळलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

“थुंकी नको लावू,” ते म्हणाले. “जा, समोरच्या दुकानातून खोडरबर घेऊन ये. मोठं आण.”